गावात जुन्या औतांचं संग्रहालय करताना: आधी माणसं गाठा, मग वस्तू

माणदेशातल्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: गावचं तरुण मंडळ आणि शाळा मिळून शेतीच्या जुन्या अवजारांचं संग्रहालय करणार आहेत. ग्रामपंचायतीने शाळेच्या दोन जुन्या कौलारू खोल्या दिल्या आहेत. नांगर, तिफणी, कुळव, जाती, घोंगडी, बैलगाडीची चाकं, विहिरीचं पाणी ओढायची एक चामड्याची मोट असं बरंच सामान लोकांनी आणूनही टाकलं आहे. मुलांचं म्हणणं, सगळं घासून-पुसून व्हार्निश मारू आणि भिंतीवर टांगू. हे योग्य का, आणि सुरुवात कुठून करावी?

सर, व्हार्निशचा डबा आणला असेल तर तो दुकानात परत देऊन या, आणि त्या पैशांच्या शंभर-दोनशे पानी जाड बांधणीच्या वह्या आणा. संग्रहालयातल्या वस्तूंचं जतन हे माझं रोजचं काम आहे आणि गावागावांतले असे संग्रह मी पाहत आलो आहे. वाळवीने जितकं नुकसान केलं असेल त्याच्या कितीतरी पट नुकसान नोंद न केल्याने झालेलं आहे. ज्याने औत हाकलं, ज्याने ते घडवलं, त्यांची माहिती सोबत नसेल तर दहा-पंधरा वर्षांनी त्या खोलीत उरतं ते जुनं लाकूड. म्हणून आणखी वस्तू मागवणं थोडं थांबवा. आहेत त्यांच्यामागची माणसं आधी गाठा.

ही घाई का, ते तुमच्याच मोटेवरून बघा. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला आणि लोखंडी नांगर गावोगाव जायला लागला. स्वातंत्र्याच्या आसपास तेलावरची इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, आणि साठ-सत्तरच्या दशकांत बहुतेक विहिरींवरून मोट उतरली. म्हणजे १९६५ साली पंधराव्या वर्षी ज्याने मोट हाकली, तो आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मोट खोलीत आणखी वीस वर्षं टिकेल. ती कशी हाकायची हे अंगात भिनलेला माणूस मात्र इतका काळ आपल्याजवळ असणार नाही.

आणि मोट म्हणजे नुसतं चामड्याचं ते मोठं पात्र नव्हे. तुमच्याकडे आलंय ते एका यंत्राचा एक भाग आहे. विहिरीच्या तोंडावर लाकडी चौकट, तिच्यात कण्यावर फिरणारं चाक, खाली दुसरा रूळ. मोटेच्या लोखंडी कड्याला बांधलेला जाड नाडा चाकावरून जुवाकडे जातो. मोटेच्या सोंडेला, म्हणजे खालच्या चामडी नळीला, बांधलेला बारीक दोर, म्हणजे सोंदूर, खालच्या रुळावरून त्याच जुवाकडे जातो. सगळी करामत या दोन दोरांच्या लांबीत आहे. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेला दुमडून तोंडाच्या उंचीला धरून ठेवतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की तोच सोंदूर सोंड पुढे थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढतो आणि पाणी आपसूक ओतलं जातं. बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासूनच्या त्यांच्या ये-जा करायच्या वाटेच्या, उतारावर चालतात म्हणजे त्यांच्या स्वतःच्या वजनाची ओढीत भर पडते. हाकणारा नाड्यावर बसतो ते काही मौज म्हणून नाही, त्याचंही वजन कामी येतं. मग बैलांनी मागच्या मागे चढ चढायचा. उलट्या पावलांनी चढायला बैल शिकवायचे कसे, त्यांना काय बोलायचं, कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपायचा, हे कुठल्याही वस्तूवर लिहिलेलं नसतं.

आता हीच मोट घेऊन गावातून एक फेरी मारा. चाक-चौकट सुताराची. कडं आणि कणा लोहाराचा. चामडं ढोरांनी कमावलेलं, शिवण चांभाराची. नाडा-सोंदूर वळले मांगांनी. थारोळं पाथरवटाचं, विहीर खणली वडारांनी. घरोघर विचारा की तुमच्या आज्याला यासाठी काय मिळायचं. बलुत्याचं धान्य किती, खळ्यावर कधी मिळायचं, कोण नाकारायचं. एका मोटेतून तुम्हाला अख्ख्या गावाचा हिशेब मिळेल.

त्यात एक गोष्ट अशी निघेल जी बहुतेक ग्रामसंग्रहालयं सांगत नाहीत. ज्यांनी मोट शिवली, ज्यांनी नाडा वळला, त्यांना त्याच विहिरीचं पाणी स्वतःच्या हाताने घ्यायची मुभा नव्हती. चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो याच व्यवस्थेविरुद्ध. महार वतनासारखी कनिष्ठ गाव-वतनं रद्द करणारा कायदा तर १९५८ सालचा आहे. हे तुमच्या खोलीत लिहिलेलं असायला हवं, मोटेच्या शेजारीच. काही मंडळी म्हणतील की कशाला जुन्या गोष्टी उकरता. त्यांना सांगा, जुन्या गोष्टी उकरण्यासाठीच तर संग्रहालय काढलंय. बारा बलुतेदार हसतमुखाने आपापली कामं करताहेत असं रंगीत चित्र लावलंत, तर ज्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस काढले त्यांची नातवंडं तुमच्या खोलीत दुसऱ्यांदा पाऊल ठेवणार नाहीत. त्यांचं बरोबरच असेल.

काय गोळा करायचं, हे इतरांकडून शिकता येतं. स्टॉकहोमला आर्तूर हाझेलियस यांनी १८९१ साली स्कान्सेन सुरू केलं. कारखानदारी वाढत होती, खेडी बदलत होती, तेव्हा त्यांनी जुनी घरं, गोठे, कोठारं उचलून उघड्यावर पुन्हा उभी केली. एकेक वस्तू कपाटात मांडण्यापेक्षा ती जिथे वापरात होती तो परिसरच दाखवायचा, ही कल्पना तिथून जगभर गेली. आपल्याकडे मला सगळ्यात बोलकं वाटतं ते लुधियानाचं. पंजाब कृषी विद्यापीठ हरितक्रांतीच्या अगदी मध्यावर होतं. तिथल्याच कुलगुरूंनी, म्हणजे एम. एस. रंधावा यांनी, ग्रामीण पंजाबच्या जुन्या जीवनाचं संग्रहालय विद्यापीठाच्या आवारात उभं करवलं. जे आपल्याच हातून मागे पडणार आहे ते जपलं पाहिजे, याचं भान त्यात दिसतं. शेजारी गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांचं गोवा चित्र आहे. शेतीची आणि परंपरागत व्यवसायांची हजारो साधनं एका माणसाने गावोगाव फिरून जमवलेली. तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी. तिथे माणसाच्या आकाराचे पुतळे करून पेरणी, मळणी, लोहाराचा भाता, गावचा बाजार असे प्रसंग उभे केले आहेत. पोरांना ते फार आवडतं, आणि काम कसं चालायचं हे एका नजरेत कळतं. पण तसं करायला जागा आणि पैसा लागतो. त्याची छोटी नक्कल दोन खोल्यांत करू नका, ती केविलवाणी दिसते. पुण्याच्या केळकर संग्रहालयात आवर्जून जा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, शेवयांचे पाट यांसारख्या घरातल्या रोजच्या वस्तू ज्या मायेने जमवल्या, ती नजर शिकण्यासारखी आहे.

दोन खोल्यांना माझा सल्ला असा की पन्नास सुट्या वस्तूंपेक्षा तीन-चार पुरी कामं दाखवा. पाण्याचं काम, पेरणीचं काम, धान्याचा खळ्यापासून ताटापर्यंतचा प्रवास आणि माणदेश आहे म्हणून मेंढरं-लोकर-घोंगडी. प्रत्येक कामाला लागणारं सगळं साहित्य शोधा. धान्याचंच घ्या: खळ्यातला तिवडा, उफणायला उभं राहायची वावडी, सूप, मापं, कणगी, जातं, काथवट. मापांच्या बाबतीत तुमच्या गावचं कोष्टक म्हाताऱ्यांकडून लिहून घ्याच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली इथपर्यंत बहुतेक ठिकाणी जुळतं, पण मणाला पायल्या किती हे भागाभागाला बदलायचं. कुठे बारा, कुठे सोळा. १९५६ च्या कायद्याने दशमान मापं आली, तरी गावात पायली त्यानंतर कितीतरी वर्षं चालत राहिली. तुमच्याकडे ती कधी सुटली, हे सांगणारी माणसं आज गावात आहेत.

जात्याबद्दल वेगळं सांगायला हवं. प्रत्येक ग्रामसंग्रहालयात जाती असतात आणि बहुतेक ठिकाणी ती नुसती दगड म्हणून पडलेली असतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरून बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. माहेर, सासर, भाऊ, पंढरी, बाबासाहेब, दुष्काळ, सगळं त्यात आहे. तुमच्या गावातही एखादी आजी असेल. तिला संग्रहालयात बोलावू नका. तिच्या घरी जा, शक्यतो मुलींना पाठवा, आणि तिच्यासमोर खरंच जातं ठेवा. हात खुंट्यावर गेला की ओवी आठवते, नुसतं विचारून आठवत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी परवानगी घ्या आणि कुणाची ओवी ते नावानिशी वहीत लिहा.

नोंद कशी करायची ते तिफणीवर दाखवतो. फळीवर पाटी लावून "तिफण, पेरणीचं अवजार" एवढं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, जवळून बघा. त्याच्या ओठाला एका बाजूची कड झिजून गुळगुळीत झालेली दिसेल. चाड्यावर मूठ धरणाऱ्या हाताने ती झिजवलेली आहे. पुष्कळदा हा हात बाईचा असायचा. मुठीतून बी इतक्या बेताने सोडायचं की तिन्ही नळ्यांत सारखं उतरलं पाहिजे; उगवून आल्यावर तासांकडे बघून सारा गाव सांगायचा की मूठ कुणाची होती. मागे मोघण, म्हणजे दुसरं बी पेरायची वेगळी नळी, बांधलेलं असेल, तुमच्याकडे त्याला सरतं म्हणत असतील, तर बाजरीत तूर किंवा मटकी पेरणारी दुसरी बाई त्यामागून चालायची. झिज डाव्या अंगाला आहे की उजव्या, फणांमधलं अंतर किती, लाकूड बाभळीचं की सागाचं, कुठे डागडुजी केलीय, तार गुंडाळलीय, पत्र्याची पट्टी मारलीय, हे सगळं लिहा. डागडुजी हा दोष नव्हे. दुष्काळात नवं औत घेणं झालं नाही म्हणून ती पट्टी लागली असेल, आणि ते साल कुणाच्या तरी लक्षात असेल.

वहीत प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या, साल आणि अनुक्रम असा साधा. कुणाकडून आली, त्यांनी दिली की ठेवायला दिली, शेवटची कधी वापरली, कुणी घडवली, भागांची स्थानिक नावं, मापं, फोटोत शेजारी पट्टी. नांगर असेल तर हाळीस, रुमणं, फाळ, जू, शिवळा; बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव; शेजारच्या तालुक्यात नाव वेगळं असेल तर तेही. क्रमांक थेट लाकडावर खडूने किंवा मार्करने लिहू नका. पॅरालॉइड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा न दिसणाऱ्या जागी बोटभर पातळ पट्टा द्यायचा, सुकल्यावर काळ्या शाईने क्रमांक, त्यावर पुन्हा एक पट्टा. कधी काढायचा झाला तर वस्तूला इजा न होता निघतो. हे जमेपर्यंत जाड कागदी चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, तार नको.

"दिली की ठेवायला दिली" यावर गावात भांडणं होतात. आज आजोबा प्रेमाने नांगर देतात, उद्या नातू वाटणीत मागतो. साधं दानपत्र करा, देणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. मंडळाची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून करून घेतलीत तर मालकीचा प्रश्न कायमचा मिटेल आणि पुढे अनुदान मागताही येईल. काही वस्तू नम्रपणे नाकारा: सांबराची शिंगं, कातडी, असं वन्यप्राण्यांचं काहीही, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते बाळगणं अंगाशी येतं. ठासणीच्या बंदुकीही नकोत. कोरीव लाकडी मूर्ती किंवा देवळाचं काही शंभर वर्षांहून जुनं आलं तर पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय दाखल करू नका. साध्या शेतीअवजारांना हा त्रास नाही.

आता जतन. व्हार्निश का नको? ते लाकडाचे श्वास बंद करतं, आतला ओलावा आतच राहतो, काही वर्षांत पिवळं पडून सोलपटतं, आणि रुमण्यावर तीन पिढ्यांच्या हाताने आलेली झळाळी त्याखाली कायमची जाते. पॉलिश, ऑइलपेंट, जवसाचं तेल, सगळ्याला हेच लागू. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस. कुळवाच्या फासेला चिकटलेली वाळकी माती आणि कणगीला दिलेला शेणाचा लेप पाण्याने धुवू नका, तो वस्तूचाच भाग आहे.

लाकडाला बारीक गोल भोकं असतील तर भुंगा आहे की होऊन गेलाय ते आधी बघा. वस्तू काळ्या कागदावर ठेवा आणि दोन-तीन आठवडे हलवू नका. कागदावर फिकट, मैद्यासारखी ताजी भुकटी पडली तर किडा जिवंत आहे; ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत न्या. लहान वस्तूंना आणि घोंगड्यांच्या कसरीला थंडीचा उपाय उत्तम. जाड प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, म्हणजे दव वस्तूवर न धरता पिशवीवर धरतं. गावात आइस्क्रीमवाल्याकडे किंवा दूध डेअरीत असा फ्रीझर असतो. नांगर, चाकं यांसारख्या मोठ्या लाकडाला औषध लागलं तर ते जाणकाराकडूनच करून घ्या. डांबरगोळ्या बंद खोलीत मुलांच्या आरोग्याला बऱ्या नाहीत, त्या नकोतच. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर कापडात बांधून, वस्तूला न लावता, आणि सुकला की बदलून. नाहीतर पाल्यालाच किडे लागतात.

वाळवीसाठी सगळ्यात मोठं औषध म्हणजे झाडू. कुठलीही वस्तू जमिनीला किंवा भिंतीला टेकलेली नको. विटांवर, दगडावर किंवा लोखंडी घोड्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागून झाडता येतं आणि मातीची नळी चढू लागली की दिसते. पावसाळ्यात दर आठवड्याला भिंतींवरून बॅटरी फिरवायचं काम शाळेच्या एका वर्गाला द्या. मुलं ते आपल्यापेक्षा नीट करतात. कौलं पावसाआधी चाळून घ्या. अवजारांवर कितीही खर्च केलात आणि छप्पर गळलं तर सगळं गेलं. आणि नांगर भिंतीला टांगणं हा विचार सोडाच. हाळीस खुंटीवर वर्षानुवर्षं राहिली की सांधे सैल होतात. शिवाय नांगर जमिनीवरचा आहे, तो भिंतीवर कुणी चालवला नाही.

लोखंडावरचा घट्ट, तपकिरी गंज स्थिर असतो, त्याला हात लावू नका. सुटे नारिंगी पापुद्रे पितळी ब्रशने हलके काढा, कोरडं करा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या. ग्राइंडर आणि पॉलिशपेपर लावलात तर लोहाराने फाळ पाजवून दिल्याच्या हातोडीच्या खुणा पुसल्या जातील.

चामड्याच्या मोटेला तेल लावायचा मोह होईल, कारण ती कडक झालेली असणार. लावू नका. जुनं चामडं तेलाने काही काळ मऊ होतं, मग चिकट, काळं आणि बुरशीचं घर होतं. दुमडलेली असेल तशीच राहू द्या, जबरदस्तीने उघडायला गेलात तर घडीवर तुटेल. आत धुतलेल्या, कांजी नसलेल्या सुती कापडाचे बोळे सैलसर भरून तिला आधार द्या आणि हवा खेळती राहील अशा जागी, उन्हापासून दूर ठेवा.

मुलांना हात लावू द्यायचा की नाही, हेही विचारलं जातंच. मूळ वस्तूला नाही, पण हात लावल्याशिवाय तिफण कळत नाही हेही खरं. तालुक्यात लाकडी तिफण घडवू शकणारा सुतार अजून असेल. त्याच्याकडून एक नवी करून घ्या, लाकूड निवडण्यापासून चाडं बसवण्यापर्यंत सगळं चित्रित करा, त्याला त्याच्या कामाची पूर्ण मजुरी द्या. मग मृगाच्या सुमारास शाळेच्या पटांगणात म्हाताऱ्यांच्या देखरेखीखाली मुलांना चाड्यावर मूठ धरू द्या. जुनी खोलीत राहील, नवी मोडली तरी सुतार आहे.

वहीची पहिली दहा-बारा पानं भरली की फोटो काढून मला पाठवा, भागांची नावं आणि मापं बघून काय सुटलंय ते सांगेन. मोटेचे वेगळे फोटो काढा: कड्याजवळचे, सोंडेच्या शिवणीचे आणि बुडाचे. चामड्यावर तांबूस भुकटी सुटत असेल तर ती झाडू नका, मोट अजिबात हलवू नका आणि तसं आधी कळवा. त्याचा उपचार वेगळा असतो आणि तो मोट प्रत्यक्ष बघूनच करावा लागेल.